खोटे दोन आठवडे

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे वाडवडील सांगून गेले. बांधलेले घर दुरुस्त करून पाहावे, असे मात्र कोणी सांगून ठेवले नाही. ज्यांनी ते करून पाहिले, त्यांच्या अंगी नंतर म्हण रचण्याइतके त्राणच उरले नसावे. आम्हां उभयतांना हा योग साठी उलटल्यावर आला. तीन महिन्यांचे म्हणून आरंभलेले काम चौदा महिन्यांनी संपले. त्यात पैसा गेला, झोप गेली. पण ज्याची भरपाई होत नाही असे जे काही गेले, ते आमच्या आईचे गेले. म्हणून हे लिहावेसे वाटले.

आमचे घर सांवेर रोडवर, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, आतल्या गल्लीत आहे. बाबा तेथल्याच एका कारखान्यात फोरमन होते. कामावर सायकलने जाता यावे, एवढ्या हिशेबाने त्यांनी येथे जागा घेतली आणि १९७९ मध्ये तीन खोल्या, पडवी आणि पुढे ओटा असे घर बांधले. नर्मदेचे पाणी इंदुरात १९७८ साली आले होते. ते आले नसते तर आपण विटाही भिजवू शकलो नसतो, असे ते म्हणत. तेव्हा या रस्त्याने उज्जैनला जाणाऱ्या मोटारी मोजता येत. आता रात्रंदिवस ट्रक धावतात, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी हाच इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी करण्याचे काम निघाले आहे. त्याची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये बसली. बाहेर रस्ता खणलेला आणि आत घर खणलेले, अशा दुहेरी धुळीत आम्ही ते वर्ष काढले.

दुरुस्ती टाळण्यासारखी नव्हती. माळव्याची काळी माती शेतकऱ्याला वर देते आणि घरमालकाला शाप. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायाने उभे असलेले घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते, थोडे खाली बसते. आमच्या मागल्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली होती. तिच्यात पूर्वी पोस्टकार्ड जाई, आता बोट जाऊ लागले होते. वरचा कोबा जुना होऊन स्लॅब गळत होता. देवघराच्या भिंतीला ओल आली होती.

या घरात आई राहते. वय शहाऐंशी. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली आणि डाव्या डोळ्यात एका बाजूला उजेडाची फट तेवढी ठेवली. पण या घरात तिला कोणी आंधळी म्हटले नसते. खाटेपासून देवघर अकरा पावले, देवघरापासून स्वयंपाकघराची चौकट सहा, तेथून डाव्या हाताला माठ. पंचेचाळीस वर्षांत तिच्या तळव्यांनी हे घर पाठ केले होते. काम सुरू असताना धुळीत तिला ठेवणे शक्य नव्हते, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही तिला पुण्याला ताईकडे नेऊन पोहोचवले. निघताना तिने विचारले, “परत केव्हा?” आम्ही म्हणालो, “आषाढीच्या आधी.” आमच्या तोंडून निघालेली ती पहिली तारीख.

ठेकेदार आमच्या एका परिचितांनी सुचवला होता. तिशी-पस्तिशीचा, गोड बोलणारा, आल्या आल्या पाया पडणारा. घरभर फिरून त्याने पाचच मिनिटांत आकडा सांगितला : मालासकट नऊ लाख. कागद म्हणून त्याने आपल्या छापील पत्रकावर सहा ओळी लिहून दिल्या. त्यांतली शेवटची होती, ‘आणि इतर सर्व किरकोळ काम’. आम्ही त्याच दिवशी तीन लाख रुपये त्याच्या खात्यात भरले.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आम्हां दोघांपैकी एकाने चौतीस वर्षे बँकेत काढली. त्यांतली अनेक वर्षे घरबांधणीची कर्जे देण्यात गेली. पाया झाल्याचे स्वतः जाऊन पाहिल्यावाचून दुसरा हप्ता सोडला नाही, स्लॅब झाल्यावाचून तिसरा नाही. लोकांना सांगत असू, “विश्वास आहेच हो, पण नियम आहे.” दुसऱ्याचे घर असताना जे शहाणपण होते, ते स्वतःच्या घराच्या वेळी कोठे गेले कोण जाणे. लेखी मागणे म्हणजे समोरच्याचा अपमान, असे काहीसे वाटले आणि आम्ही भिडेखातर गप्प बसलो. भीड भिकेची बहीण, हे पुढे कळले.

पहिले पंधरा दिवस काम झपाट्याने झाले. मोडण्याचे काम नेहमीच झपाट्याने होते. मग होळी जवळ आली आणि एके सकाळी कोणीच आले नाही. मजूर झाबुआ-अलीराजपूरकडचे होते आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात तिकडे भगोरियाचे हाट भरतात. त्या दिवसांत तिकडचा माणूस गावी जाणार, हे इंदुरात सगळ्यांना ठाऊक असते. आम्हांलाही ठाऊक होते, ठेकेदाराला तर होतेच. पण त्याने तीन महिने म्हटले तेव्हा भगोरिया त्यात धरला नव्हता आणि आम्ही विचारला नव्हता. “बस, दो हफ़्ते, अंकलजी,” तो म्हणाला.

त्यानंतर ‘दो हफ़्ते’ हा आमच्या घरातला मंत्र झाला. एप्रिलात लग्नसराई, मेमध्ये निवडणूक, मग मिस्त्रीच्या सासऱ्याचे आजारपण, मग “सारा लेबर सिंहस्थ के काम में उज्जैन चला गया”. मधूनच दोन पोरे येत, अर्धी भिंत गिलावा करून जात. गिलाव्याआधी वीट भिजवलेली नसे आणि नंतर पाणी मारायला कोणी नसे. काँक्रीटला आणि गिलाव्याला पहिले सात ते दहा दिवस सतत ओल लागते. ती मिळाली नाही तर सिमेंट वाळते, पण बळ धरत नाही. आम्ही सकाळ-संध्याकाळ बादल्या घेऊन भिंतींना पाणी घालत असू. शेजारच्या एका आजोबांनी विचारले, “देवाला जाता का?” सांवेर गावात, येथून तीसेक किलोमीटरवर, उलट्या हनुमानाचे देऊळ आहे. आजोबा म्हणाले, “त्याच्यापुढे नारळ फोडून या. ज्याचे सगळेच उलटे चालले आहे, त्याचे तोच जाणे.” आम्ही खरेच जाऊन आलो.

मेअखेर ठेकेदाराने एकाएकी उत्साहाने स्लॅबवरचा जुना कोबा फोडून टाकला आणि तो पुन्हा नाहीसा झाला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. त्या रात्री उघड्या स्लॅबवर ताडपत्री अंथरून तिच्या कडांवर विटा ठेवताना आम्ही दोघे चिंब भिजलो. खाली येऊन पाहतो तो देवघराच्या भिंतीवरून पाण्याचा ओहोळ वाहत होता. आईचा देव्हारा आधीच पेटीत बांधून ठेवला होता, एवढेच समाधान.

त्याच रात्री भिजू नयेत म्हणून माळ्यावरच्या ट्रंका खाली घेतल्या आणि एकीत बाबांची वही सापडली. घर बांधतानाचा रोजचा हिशेब. विटा, चुना, लोखंड, मजुरी, सगळे त्यांच्या बारीक अक्षरात. कंदिलाच्या जागी मोबाईलचा उजेड धरून आम्ही ती वाचत बसलो. तेव्हाही काम रखडले होते. पाच महिन्यांचे सात झाले होते. परंतु एका पानावर लिहिले होते : ‘आजपासून काम आठ दिवस बंद. मिस्त्रीच्या मुलीचे लग्न. महिन्यामागेच सांगितले होते.’ आणि खाली : ‘लग्नास २१ रु. आहेर.’

‘महिन्यामागेच सांगितले होते’ या तीन शब्दांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

इकडे पुण्याला दर रविवारी फोन होई. आषाढी गेली. “आई, बस दोन आठवडे,” आम्ही म्हणत होतो. ठेकेदार जे आम्हांला सांगे, तेच आम्ही मराठीत करून तिला सांगत होतो. वाईट वाटू नये म्हणून त्यात थोडी भरही घालत होतो : स्लॅब झाला म्हणावे, फरशी आली म्हणावे. गणपतीला ती येणार होती, ती आली नाही. पितृपक्ष गेला. एका रविवारी तिने फोनवर मधेच थांबवले आणि म्हटले, “हे बघा, मला खोटे दोन आठवडे नकोत. खरे सहा महिने सांगा, मी राहीन. पण रोज उठून पिशवी भरायची आणि रोज उपसायची, हे आता होत नाही.”

ताईकडून मग कळले ते असे. आमचा फोन आला की आई आपली कापडी पिशवी भरून उशाशी ठेवी : जपमाळ, दोन लुगडी, औषधाचा डबा. दोन आठवडे उलटले की निमूटपणे रिकामी करी. असे तिने किती वेळा केले, ते आम्ही विचारले नाही. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की ठेकेदार आमच्याशी खोटे बोलत होता आणि आम्ही आईशी. फरक एवढाच की तो मुदत मिळवण्यासाठी बोलत होता आणि आम्ही मायेपोटी. पिशवी भरणाऱ्या हातांना हा फरक कळण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ठेकेदाराला शोधायला निघालो. फोन तो उचलत नव्हता. त्याच्या एका मजुराकडून पत्ता काढून सुखलियाकडच्या एका घरी पोहोचलो. तेथे बाहेर आमच्याचसारखे एक वयस्क जोडपे खुर्च्या टाकून बसले होते. तेही त्याचीच वाट पाहत होते. बोलता बोलता कोडे उलगडले. आमच्या तीन लाखांत त्यांचे लोखंड आले होते. त्यांच्या पैशांत आणखी कोणाचा जिना झाला होता. एका वेळी पाच कामे, आणि नव्या कामाच्या आगाऊ रकमेतून जुन्या कामाची मजुरी. जोवर नवे काम मिळते तोवर चाक फिरते. एक काम हुकले की सगळीकडे एकदम थांबते. संध्याकाळी तो आला तेव्हा त्याने मान खाली घालून आणखी एक गोष्ट सांगितली. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडचे त्याचे मोठे बिल वर्षभर अडकले होते. त्यालाही कोणीतरी ‘दो हफ़्ते’ सांगत होते.

राग तेथेच ओसरला, असे म्हणता येणार नाही. पण समोर एक लबाड माणूस आहे, हे चित्र बदलले. नाही म्हणण्याचे धैर्य नसलेला एक माणूस दिसू लागला, आणि तो आम्हांला चांगलाच ओळखीचा वाटला.

दिवाळी जवळ आली होती. या शहराला दिवाळी आणि घरदुरुस्ती यांचा एक जुना संबंध आहे. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आले होते. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, जेथे दुखते तेवढेच कापावे आणि बाकीचे डागडुजीने राखावे, असा त्यांचा आग्रह असे. तेव्हा शहरात प्लेग होता. गेडिस यांच्याविषयी सांगतात ते असे, की त्यांनी एक दिवसापुरते राजेपण मागून घेतले, दिवाळीची मोठी मिरवणूक ठरवली आणि जाहीर केले की ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. मग काय, घरोघर झाडू आणि चुना निघाला. दंडाची धमकी जे करू शकली नसती, ते एका तारखेने आणि चारचौघांच्या नजरेने केले.

आमच्या कामाला या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तारीख खोटी होती, आणि सारा व्यवहार बंद दाराआड, फोनवर चालला होता. तेव्हा दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही ओट्यावर सतरंजी अंथरली. सुखलियाचे जोडपे, गल्लीतले एक निवृत्त सरकारी अभियंता, आमचे परिचित एक वकील आणि स्वतः ठेकेदार, अशी बैठक बसली. चहा-पोहे झाले. अभियंत्यांनी फीत लावून झालेल्या कामाची मापे घेतली आणि वहीत उतरवली. आम्ही दिले होते सहा लाख वीस हजार. झालेले काम भरले तीन लाख नव्वद हजारांचे.

वकिलांनी शांतपणे त्याला आणि आम्हांलाही समजावून दिले. घरबांधणीचे काम १९९३ पासून ग्राहक कायद्याच्या ‘सेवा’ या व्याख्येत आले आहे. आता २०१९ चा कायदा लागू आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगापुढे करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यापुढे दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. करारनामा नसला तरी बँकेच्या नोंदी आणि संदेश पुरावा ठरू शकतात. मात्र निकालाला लागणारा वेळ कोणाच्या हाती नाही. “तुम्हांला काय हवे, निकाल की घर?” त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, घर.

शेवटी असे ठरले : पडलेली फरशी, रेती आणि सिमेंट मिळून सत्तर हजारांचा माल आम्ही ठेवून घ्यायचा, त्याने चार हप्त्यांत एक लाख वीस हजार परत द्यायचे, उरलेल्या चाळीस हजारांवर आम्ही पाणी सोडायचे. सगळ्यांनी सह्या केल्या. तीन हप्ते आले. चौथ्याची आम्ही वाट पाहत आहोत.

पुढच्या कामासाठी अभियंत्यांनी एक मिस्त्री आणून दिला. पन्नाशीचा, अल्पभाषी. त्याने पाच मिनिटांत आकडा सांगितला नाही. दोन दिवस येऊन मापे घेतली, भिंत ठोकून पाहिली, कोपऱ्यातली पन्हाळ कोठे गळते ते शोधून काढले. भेगेचे मूळ तेथे होते : छताचे पाणी नेमके त्या कोपऱ्यातल्या काळ्या मातीत मुरत होते. घराभोवती बाहेरच्या उताराची फरसबंदी करायची आणि पाणी पायापासून दूर न्यायचे, हे आधी, गिलावा नंतर. आम्ही विचारले, “केव्हा होईल?” त्याने बोटांवर मोजले. “होली के पहले नहीं होगा। भगोरिया में लड़के जाएँगे, दस दिन वो निकाल दो। रामनवमी।”

ज्या भगोरियाने आमचे पहिले काम बुडवले, तोच या माणसाच्या हिशेबात आधीपासून बसला होता. त्या संध्याकाळी आम्ही पुण्याला फोन केला. “आई, रामनवमी,” एवढेच सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, “बरे. मग ही पिशवी आता कपाटात ठेवते.”

या वेळी आम्ही सगळे लिहून घेतले. कामाचे नऊ टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, टप्पा पाहिल्यानंतरच पैसे, आणि शेवटचे दहा टक्के पहिल्या पावसानंतर. आम्हांला संकोच वाटत होता. मिस्त्रीला मात्र मुळीच वाटला नाही. “लिखा हो तो झगड़ा नहीं होता,” तो म्हणाला आणि आपल्याकडूनही एक ओळ घालायला लावली : टप्पा पूर्ण झाल्यावर तीन दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. तेव्हा कळले की कागद हा अविश्वासाचा पुरावा नसतो. दोन भिडस्त माणसांनी एकमेकांना न दुखवता खरे बोलण्याची ती सोय असते.

फरशी बसवण्याआधी त्याने विचारले, “माँजी किधर से चलती हैं?” आम्ही खाटेपासून देवघरापर्यंत चालून दाखवले. त्याने त्या वाटेवर गुळगुळीत फरशीऐवजी खरखरीत कोटा दगडाची एक पट्टी बसवली आणि चौकट जेथे होती तेथेच ठेवली. करारात ही ओळ नव्हती.

घर रामनवमीच्या दोन दिवस आधी, ४ एप्रिल २०२५ रोजी पुरे झाले. आईला आम्ही त्याच आठवड्यात घेऊन आलो. गेली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात उजेडाची फट होती. परतली तेव्हा ती मिटली होती. डॉक्टरांच्या मते ती केव्हा ना केव्हा मिटणारच होती. पण चौदा महिन्यांपैकी निदान काही महिने ती आपल्या घरात मिटली असती, देव्हाऱ्यातल्या निरांजनाचा उजेड पाहत. हा हिशेब कोणत्याही मापवहीत बसत नाही आणि त्याचा हप्ता कोणी परत करू शकत नाही.

खाटेवरून उठून ती भिंतीचा आधार घेत निघाली. पहिल्या खेपेस नऊ पावलांनंतरच थांबली, चाचपडली. अंतर विसरली होती. मग पायाला दगडाची पट्टी लागली. तिच्यावरून तळवा घाशीत ती पुढे सरकली आणि देवघराच्या चौकटीला हात लागला तेव्हा म्हणाली, “ओल गेली वाटते. रंग कोणता दिला?”

“फिका पिवळा,” आम्ही सांगितले.

“पूर्वीही तोच होता,” ती म्हणाली.

मागच्या दाराची कडी अजून बसायची होती. मिस्त्री म्हणाला होता, मंगळवारी येतो. आईने दोनदा विचारले, “नक्की मंगळवारी?” आम्ही म्हणालो, “तसे तो म्हणाला आहे.” मंगळवारी सकाळी नऊ वाजता कडी बसली.